जिंकला तर जिगर, हरला तर माज

१४ नोव्हेंबर २०२३. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज यांचा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना सुरू होऊन पावणेदोन मिनिटंही झाली नव्हती. गुणफलकावर ०-०. वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन आणि मिनेसोटाचा जेडन मॅकडॅनियल्स एकमेकांच्या जर्सी धरून ओढाताण करत होते. मिनेसोटाचा धिप्पाड रूडी गोबेर मध्ये पडला. तेवढ्यात वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन आला आणि त्याने गोबेरच्या गळ्याभोवती हात आवळला. आवळला तो सोडेचना. पंचांनी थॉम्पसन, मॅकडॅनियल्स आणि ग्रीन तिघांनाही मैदानाबाहेर काढलं. वॉरियर्सचा स्टेफन करी त्या रात्री गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळतच नव्हता. म्हणजे ज्या संघाने करी, थॉम्पसन आणि ग्रीन या तिघांच्या जोरावर दहा वर्षं राज्य केलं, त्याच्याकडे पहिली बास्केट पडायच्या आत तिघांपैकी एकही उरला नाही. सामना वॉरियर्सने १०४-१०१ असा गमावला. ग्रीनवर पाच सामन्यांची बंदी आली.

त्यानंतर जे बोललं गेलं ते दर वेळी बोललं जातं. ग्रीन असाच आहे. ही आग आहे म्हणून तर २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ ची विजेतेपदं आली. आग हवी तर चटके सोसायला हवेत. अमेरिकेतल्या टीव्हीवरचे माजी खेळाडू हे सांगतात, आणि आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर एनबीए बघणारी पोरंही तेच म्हणतात. मला हा युक्तिवाद लबाड वाटतो. नेतृत्व आणि संताप या दोन निराळ्या वस्तू आहेत. त्या एकाच पिशवीत बांधून विकल्या की दुसरीची किंमत पहिलीच्या नावावर खपते.

आधी पहिल्या वस्तूबद्दल बोलू, कारण ती खरी आहे आणि अस्सल आहे. ग्रीन मैदानावर नेमकं काय करतो? गुणफलक बघून ते कळत नाही. तो सरासरी खेळाडूइतकेसुद्धा गुण करत नाही. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे ज्या जागी तो खेळतो तिथे बुटकाच. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव ३५ व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना फक्त त्याच्याकडे बघत बसावं, मग उलगडा होतो. समोरचा गार्ड चेंडू घेऊन वर येतोय. त्याला अडवणाऱ्या आपल्या खेळाडूची नजर चेंडूवर आहे, त्यामुळे पाठीमागे प्रतिस्पर्ध्याचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, भिंतीसारखा येऊन उभा राहतोय, म्हणजे स्क्रीन लावतोय, हे त्याला दिसत नाही. ग्रीनला दिसतं. स्क्रीन लागायच्या आधीच त्याचा आवाज पोचलेला असतो: डावीकडून येतोय, बदल, तू त्याला घे, मी याला घेतो. त्याच वेळी त्याचं एक बोट कोपऱ्यातल्या नेमबाजाकडे असतं, कारण दोन पास पुढे चेंडू तिथे जाणार हे त्याने ओळखलेलं असतं. आणि बरेचदा चेंडू तिथेच जातो. हे सगळं सेकंद-दीड सेकंदात. पुढच्या हल्ल्याला पुन्हा पहिल्यापासून. रात्रभरात असं शंभर वेळा तरी होतं.

२०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडविरुद्ध वॉरियर्स १-२ ने मागे होते, तेव्हा प्रशिक्षक स्टीव्ह करने उंच सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढलं, आंद्रे इग्वाडालाला घेतलं आणि ग्रीनला चक्क सेंटरच्या जागी उभं केलं. पुढचे तिन्ही सामने जिंकून त्यांनी चाळीस वर्षांनी विजेतेपद आणलं. बुटक्या संघाचा हा डाव चालला तो मागे उभं राहून सगळ्यांना जागेवर ठेवणाऱ्या एका माणसामुळे. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तो याच कामासाठी.

आता या कामात संताप कुठे आहे, ते मला कुणीतरी दाखवावं. इथे लागते ती नजर, स्मरणशक्ती, मोठा आवाज आणि साथीदार ऐकतील एवढी पत. रागाने डोकं भणभणत असेल तर उलट ही गोष्ट अशक्यच आहे. ग्रीन जेव्हा सर्वोत्तम खेळतो तेव्हा तो मैदानावरचा सगळ्यात शुद्धीवर असलेला माणूस असतो.

२०१६ चं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट देतात. त्या हंगामात वॉरियर्सने ७३ सामने जिंकले आणि फक्त ९ गमावले. असा विक्रम आधी कुणी केला नव्हता, नंतरही नाही. अंतिम मालिकेत पुन्हा क्लीव्हलंड समोर होतं आणि वॉरियर्स ३-१ ने पुढे होते. चौथ्या सामन्यात क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स खाली पडलेल्या ग्रीनला ओलांडून गेला. ही अपमान करण्याची जुनी रीत आहे आणि लेब्रॉनला ती ठाऊक नव्हती असं कुणी समजू नये. ग्रीनने हात फिरवला, तो लेब्रॉनच्या जांघेत लागला. लीगने नंतर फुटेज बघून फ्लॅग्रंट फाउल, म्हणजे गरजेपेक्षा जास्त अंगावर गेल्याचा फाउल, दिला आणि ग्रीन पाचव्या सामन्याला मुकला. वॉरियर्स तो सामना हरले, मग सहावा, मग सातवा. अंतिम मालिकेत ३-१ अशी पिछाडी त्याआधी कुणीही भरून काढलेली नव्हती.

एका हाताच्या फटकाऱ्याने इतिहास बदलला, अशी ही गोष्ट सांगतात. पण बंदी त्या फटकाऱ्याबद्दल नव्हतीच. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, फ्लॅग्रंट फाउलचे गुण साठत जातात. साधा असेल तर एक, गंभीर असेल तर दोन. तीनच्या वर गेलात की एक सामना बाहेर. ग्रीनच्या खात्यात आधीच तीन होते. एक ह्यूस्टनच्या मायकल बीझलीला पाडल्याबद्दल, आणि दोन ओक्लाहोमाच्या स्टीव्हन ॲडम्सच्या जांघेत लाथ बसल्याबद्दल. ती लाथ मुद्दाम नव्हती असं त्याचं म्हणणं होतं. नसेलही. पण त्यानंतर खात्यात तीन जमा आहेत हे त्याला, प्रशिक्षकाला, लेब्रॉनला आणि क्लीव्हलंडमधल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला माहीत होतं. जो माणूस दोन पास पुढचं बघतो त्याला एक फाउल पुढचं दिसू नये? पाचवा सामना त्याने शेजारच्या बेसबॉल मैदानातल्या एका खोलीत बसून पाहिला. त्या रात्री लेब्रॉन आणि त्याचा साथीदार कायरी अर्व्हिंग यांनी प्रत्येकी ४१ गुण केले. मग सातव्या सामन्यात ग्रीनने ३२ गुण, १५ रिबाउंड आणि ९ असिस्ट अशी कारकिर्दीतली बहुधा सर्वोत्तम कामगिरी केली, तरी वॉरियर्स ८९-९३ असे हरले. त्याचे चाहते हा सातवा सामना त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवतात. मला तो पाचव्या सामन्याच्या बिलासारखा दिसतो.

आता मायकल जॉर्डनची गोष्ट. ती टाळून या विषयावर लिहिता येत नाही. १९९५ च्या सराव शिबिरात जॉर्डनने शिकागो बुल्सच्याच एका साथीदाराला ठोसा मारला. तो साथीदार म्हणजे स्टीव्ह कर, आज ग्रीनचा प्रशिक्षक. जॉर्डनने नंतर फोन करून माफी मागितली, दोघांचं नातं सुधारलं, बुल्स त्या हंगामात ७२ सामने जिंकले. १९९७ च्या अंतिम मालिकेत जॉर्डनने चेंडू करकडे दिला आणि करने तो निर्णायक क्षणी बास्केटमध्ये टाकला. इतकी बेतीव गोष्ट मिळाल्यावर कोण सोडतो! ठोशाने विश्वास कमावला, असा तिचा अर्थ लावला जातो. करने स्वतःही ती हसत हसत अनेकदा सांगितली आहे.

पण त्याच शिकागो बुल्सच्या सरावात ऑक्टोबर २०१७ मध्ये आणखी एक ठोसा बसला. बॉबी पोर्टिसने निकोला मिरोटिचच्या चेहऱ्यावर मारला, हाडं मोडली, मिरोटिच रुग्णालयात गेला. पोर्टिसवर आठ सामन्यांची बंदी आली. फेब्रुवारीत मिरोटिचला न्यू ऑर्लिन्सला पाठवून दिलं. बुल्स त्या हंगामात २७ जिंकले आणि ५५ हरले. या ठोशाला कुणी नेतृत्व म्हटलं नाही, त्यात आग वगैरे कुणाला दिसली नाही. संघ तोच, सरावही तसाच, मूठही तशीच. फरक हंगामाअखेरच्या तक्त्यात. निकाल लागल्यावर आपण मागे जाऊन स्वभावाला नाव देतो आणि मग तेच नाव निकालाचं कारण म्हणून पुढे करतो. ठोसा खाल्लेले आणि हरलेले लोक मुलाखतीत हसत किस्सा सांगायला येत नाहीत, त्यामुळे हिशेब कायम एकतर्फी राहतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्रीनने आपल्याच संघातल्या जॉर्डन पूलला मारलं तेव्हा मायकल जॉर्डन आणि करचा किस्सा अर्थातच पुन्हा बाहेर आला. पूल २३ वर्षांचा, ग्रीन ३२ चा. चारच महिन्यांपूर्वी दोघांनी मिळून विजेतेपद जिंकलं होतं. सरावातला तो व्हिडिओ बाहेर फुटला आणि सगळ्या जगाने पाहिला. पूल ढकलतो, ग्रीन थेट तोंडावर मारतो, पूल भिंतीकडे कोसळतो. संघाने ग्रीनला दंड केला. तो काही दिवस स्वतःहून दूर राहिला. हंगामातला एकही सामना मात्र त्याला गमवावा लागला नाही.

त्या हंगामात गतविजेते वॉरियर्स घरच्या मैदानावर ३३ जिंकले, ८ हरले. बाहेर ११ जिंकले, ३० हरले. ही तफावत मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त बोलकी वाटते. घरी अठरा हजार माणसं तुमच्या बाजूने ओरडत असतात. परक्या गावात फक्त शेजारचा खेळाडू असतो. त्याच्यावर विश्वास आहे की नाही, हे तिथे कळतं. एका ठोशाने तीस सामने घालवले असं मी म्हणणार नाही, संघाला इतरही दुखणी होती. पण हंगाम संपल्यावर खुद्द करने कबूल केलं की त्या प्रसंगाने संघातला विश्वास उणावला आणि त्याचा परिणाम झाला. १९९५ मध्ये ज्याने ठोसा खाल्ला होता त्याच माणसाचा हा निर्वाळा आहे, म्हणून मी त्याला वजन देतो.

आणि मग उन्हाळ्यात काय झालं? मार खाल्लेल्या पूलला वॉशिंग्टनला पाठवलं. मारणाऱ्या ग्रीनला चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा नवा करार दिला. पूलचा करार महाग होता आणि त्याचा खेळही घसरला होता, व्यवहार म्हणून निर्णय समजण्यासारखा आहे. पण संघातल्या विशीतल्या पोरांनी त्यातून काय वाचलं असेल? पाच महिन्यांनी गोबेरच्या गळ्याभोवती हात. त्यानंतर महिनाभरात फिनिक्सच्या युसुफ नुर्किचच्या तोंडावर फटका आणि बेमुदत बंदी, जी शेवटी बारा सामन्यांची झाली. प्रत्येक वेळी लीग शिक्षा करते आणि संघ खेद व्यक्त करतो. घरच्यांनी लाड करायचे आणि मास्तरांनी छडी मारायची, या वाटणीत पोर सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

याचा अर्थ नेता शांतच हवा असा होत नाही. शांतपणाचंही एक खोटं कौतुक चालतं. सॅन अँटोनियोचा टिम डंकन एकोणीस हंगाम खेळला, पाच विजेतेपदं जिंकला, आणि चेहऱ्यावरची रेष हलू न देणारा माणूस म्हणून त्याची आरती होते. मला त्याच्या शांतपणापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच त्याला सगळ्यांदेखत झापायचा आणि डंकन ते ऐकून घ्यायचा. संघातला सर्वांत मोठा खेळाडू बोलणी खातोय म्हटल्यावर बाराव्या खेळाडूला कुरकुर करायला तोंडच उरत नाही. साथीदारांवर ओरडणं कुठल्याही मोठ्या खेळाडूला जमतं. स्वतः ऐकून घ्यायला मात्र आपण नियमाच्या वर नाही हे मनातून मान्य असावं लागतं.

या शांत डंकनला एप्रिल २००७ मध्ये डॅलसला पंच जोई क्रॉफर्डने मैदानाबाहेर काढलं होतं. कशासाठी, तर बाकावर बसून हसल्याबद्दल. लीगने क्रॉफर्डला उरलेल्या हंगामासाठी घरी बसवलं. स्वभावाची चर्चा नेहमी खेळाडूंचीच का होते, पंचांची का नाही, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे. त्याला आणखी एक पदर आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये डेट्रॉइटला इंडियाना पेसर्सचे खेळाडू प्रेक्षकांत घुसून मारामारी झाली. पुढच्या वर्षी लीगने खेळाडूंनी काय कपडे घालून यायचं याचे नियम आणले. मारामारीचा आणि सैल जीन्सचा संबंध काय? संबंध असा की लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आणि महागडी तिकिटं काढून पुढे बसणारा प्रेक्षक बहुतांश गोरा. काळ्या माणसाचा चढलेला आवाज तिथे लवकर धमकीसारखा ऐकू येतो. म्हणून ग्रीनच्या हातवाऱ्यांवर, पंचांशी वाद घालण्यावर, तोंडाळपणावर जी टीका होते तिच्यातली बरीच मी बाजूला ठेवतो. टेक्निकल फाउल, म्हणजे वाद घालण्यासारख्या वर्तनाबद्दलचा फाउल, हा खेळाचा भाग आहे, प्रशिक्षक तर कधी कधी ठरवून घेतात. माझी रेघ त्याच्या पलीकडे आहे: दुसऱ्याच्या शरीराला इजा, आणि आपल्याच संघाला ऐन वेळी एक माणूस कमी.

ग्रीनचीच एक गोष्ट मला इथे सांगायची आहे, कारण ती फार कमी सांगितली जाते. एप्रिल २०२३, प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर सॅक्रामेंटो किंग्ज. (हा आपल्या विवेक रणदिवेंचा संघ. मुंबईत जन्मलेले रणदिवे आधी वॉरियर्सच्याच मालकांपैकी एक होते. २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते याच किंग्जचे, पेसर्सविरुद्ध.) दुसऱ्या सामन्यात खाली पडलेल्या डोमांटास साबोनिसने ग्रीनचा पाय धरला आणि ग्रीन त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे गेला. बाहेर जाण्याआधी त्याने प्रेक्षकांना मुद्दाम आणखी चिथावलं. तिसऱ्या सामन्याला बंदी. तो सामना वॉरियर्सने ग्रीनशिवाय १७ गुणांनी जिंकला, तेव्हा तो नसला की संघ कोलमडतोच असंही नाही. चौथ्या सामन्याआधी ग्रीनने स्वतः करला सुचवलं की मला बाकावरून आणा, जे पाच जण जमलेत ते राहू द्या. २०१४ पासून सुरुवातीच्या पाचात खेळत आलेल्या माणसाने हे म्हणणं सोपं नाही. त्याच्या जागी सुरुवात केली ती जॉर्डन पूलने. वॉरियर्स १२६-१२५ जिंकले आणि मालिकाही सात सामन्यांत जिंकले. म्हणजे हे त्याला जमतं. स्वभावाला औषध नाही म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा चौथा सामना बघावा.

औषधाचाच विषय निघाला तर रॉन आर्टेस्टचं नाव घ्यायला हवं. डेट्रॉइटच्या त्या मारामारीत प्रेक्षकांत पहिला घुसला तो हाच. त्याला ८६ सामने बाहेर राहावं लागलं, आणि विजेतेपदाचं स्वप्न बघणाऱ्या पेसर्सचा तो हंगाम मातीत गेला. २०१० मध्ये तोच आर्टेस्ट लॉस एंजेलिस लेकर्सकडून अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला तीन गुणांची बास्केट मारतो. जिंकल्यावर सगळ्या देशासमोर कॅमेऱ्यात बघून तो आभार मानतो आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे. विजेतेपदाची अंगठी त्याने मानसिक आरोग्याच्या कामासाठी सोडतीत काढली. बचावातला त्याचा चिवटपणा या सगळ्यात तसूभरही कमी झाला नव्हता. आग विझेल म्हणून उपचार नकोत, असं म्हणणाऱ्यांना मी आर्टेस्टची ती रात्र दाखवीन.

मग करायचं काय? दंड तर निरुपयोगीच आहे. ॲडम्सला लागलेल्या लाथेबद्दल ग्रीनला २५ हजार डॉलर दंड झाला होता. २०२३ च्या करारात त्याला वर्षाला सरासरी अडीच कोटी डॉलर ठरले, म्हणजे दंड झाला उत्पन्नाच्या हजाराव्या हिश्शाइतका. वर्षाला दहा लाख कमावणाऱ्याला हजार रुपयांची पावती फाडावी तसं. पुण्यात सिग्नल तोडणारा यापेक्षा जास्त विचार करतो. सामने बुडाले तरच टोचतं, आणि ते बुडवण्याचा अधिकार संघाने आधी वापरावा, लीगने नंतर. वॉरियर्सला हे येत नाही असं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला शेवटचा चेंडू साथीदार केव्हिन ड्युरँटला न दिल्यावरून ग्रीनची त्याच्याशी भर मैदानात आणि नंतर आत खोलीत जुंपली. तेव्हा संघाने ग्रीनला एक सामना विनावेतन बसवलं होतं. कुणी कुणाला हात लावला नव्हता, फक्त शब्द होते. चार वर्षांनी मूठ चालली तेव्हा दंडावर भागलं. ड्युरँट जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक आणि पुढच्या उन्हाळ्यात संघ सोडायला मोकळा होता. पूल यांपैकी काहीच नव्हता. शिक्षा गुन्ह्यावरून ठरली की मार खाणाऱ्याच्या वजनावरून, याचं उत्तर वॉरियर्सच्या व्यवस्थापनाने आजवर दिलेलं नाही.